बटणाला बांधलेली सुतळी

अंगठा पूर्ण गेला तर 30 टक्के. अंगठ्याचं टोकाचं पेर गेलं तर 20. तर्जनी मुळापासून गेली तर 14, दोन पेरं गेली तर 11, एक गेलं तर 9. एका हाताची चारही बोटं गेली तर 50. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या 1923 च्या जुन्या कायद्याला जोडलेल्या यादीतले हे आकडे. माणसाची कमवायची ताकद किती घटली ते यावरून ठरतं. ही यादी तोंडपाठ असलेली माणसं मला भोसरीत भेटली आहेत, चाकणला भेटली आहेत. त्यांतल्या कुणीही कायदा वाचलेला नव्हता.

मी व्हेंडर क्वालिटीत काम करतो. गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर अशा पत्र्याच्या पार्टचे छोटे पुरवठादार बघणं हे माझं काम, त्यामुळे प्रेस शॉपमध्ये सतत जाणं होतं. अपघात झाला की त्याचा अहवालही समोर येतो. त्यातला कारणाचा रकाना वाचून मला संताप येतो: ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. उपाय: ‘कामगारास समज दिली.’ फाइल बंद. चार दिवसांनी त्याच प्रेसवर दुसरा मुलगा उभा.

ज्यांनी प्रेस बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारं, वाकवणारं मशिन. खाली डाय, म्हणजे साचा; वर पंच, म्हणजे त्यावर आदळणारा भाग. ऑपरेटर हाताने पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, स्ट्रोक देतो म्हणजे पंच खाली आणतो, पार्ट काढतो, पुढचा तुकडा ठेवतो. दिवसभर, हजारो वेळा. प्रत्येक वेळी हात पंचाखाली जातो. म्हणून प्रेसला दोन बटणं देतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडायचा नाही, म्हणजे स्ट्रोक पडताना दोन्ही हात बाहेरच राहतात. साधी आणि फार चांगली सोय आहे.

आणि बऱ्याच ठिकाणी यातलं एक बटण कायमचं दाबून ठेवलेलं असतं. कुठे सुतळीने, कुठे इन्सुलेशन टेपने, कुठे सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून. एका शॉपमध्ये सुतळी इतकी जुनी होती की ऑइल आणि धुळीने काळी पडून बटणाच्या रंगाचीच झाली होती. ऑपरेटर लातूरकडचा, विशीतला, ठेकेदाराने कामाला आणलेला मुलगा. त्याला विचारलं, हे कशाला बांधलंय? तो म्हणाला, “साहेब, दोन्ही बटणं दाबून केलं तर तासाचा आकडा बसत नाही.” आकडा कुणी ठरवला, तर त्याला माहीत नव्हतं. मी सुपरवायझरला विचारलं, मग डाय बसवणाऱ्या सेटरला विचारलं. शेवटी कळलं ते असं: भाव काढताना कुणीतरी घड्याळ लावून वेळ मोजली होती, आणि ती मोजली तेव्हाही एक बटण बांधलेलंच होतं. म्हणजे टार्गेटच सुतळीसकट ठरलेलं! तोच तासाचा आकडा कोटेशनमध्ये गेला, त्यावर पार्टचा भाव ठरला, तो पार्ट घेणाऱ्या कंपनीच्या परचेसने, म्हणजे खरेदी विभागाने, आणखी खाली आणला. आता या मुलाने सुतळी सोडली तर त्याचा आकडा कमी येणार, आणि महिनाअखेर ठेकेदार त्याच्या जागी दुसरा आणणार.

याला त्या मुलाचा निष्काळजीपणा म्हणायचं? ती सुतळी मालकाने रोज बघितली होती. सुपरवायझरने बघितली होती. आमच्यासारख्या ऑडिटवाल्यांना चहा पाजताना ती तिथेच होती.

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेची बी-17 बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, वर घ्यायला जायचा आणि चुकून चाकं वर घ्यायचा. चूक वैमानिकाचीच, असंच सगळे धरून चालले होते. अल्फान्स चापानिस हा मानसशास्त्रज्ञ 1943 मध्ये या कामावर आला. त्याने कॉकपिट बघितलं तर दोन्ही स्विच शेजारी शेजारी आणि हुबेहूब सारखे. त्याने चाकांच्या स्विचवर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅप्सच्या स्विचवर पाचरीसारखा तुकडा. थकलेल्या माणसाला अंधारातही हाताने फरक कळायला लागला आणि तो गोंधळ थांबला. वैमानिक तेच, थकवा तोच. आजही प्रवासी विमानात चाकांच्या लिव्हरची मूठ चाकाच्या आकाराची असते.

ही ऐंशी वर्षांपूर्वीची समज आपल्या शॉप फ्लोअरवर अजून का पोचत नाही? नाईट शिफ्टला पहाटे चारला माणसाचं लक्ष जाणारच. सोळा तास उभं राहिल्यावर हात जरा मागेपुढे होणारच. ते गृहीत धरून मशिन बांधायचं असतं. पार्ट चिमट्याने किंवा मॅग्नेटने काढला, फीडिंगसाठी स्लाइड लावली, डायला बंदिस्त गार्ड केला, तर हात आत जायचं कारणच उरत नाही. त्याऐवजी आपण हातमोजे वाटतो. पन्नास टनाच्या प्रेसखाली चामड्याचा मोजा काय करणार?

सेन्सरचंही तेच. आजकाल मोठी कंपनी ‘लाइट कर्टन लावा’ म्हणते, म्हणजे हात आत आला की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा; पुरवठादार लावतो, ऑडिटमध्ये टिक पडते. पण प्रेस जुनी पिन क्लचची असेल, म्हणजे फिरत्या चाकाशी पिनने जोडली जाणारी, तर एकदा क्लच पडला की स्लाइड, म्हणजे पंच धरणारा वरचा भाग, पूर्ण फेरा मारूनच थांबते, मध्ये थांबवायची सोयच नसते. कर्टनने हात ओळखला तरी प्रेस खाली येणारच. कर्टनचा उपयोग व्हायचा तर मध्येच सोडता येणारा, हवेच्या दाबावरचा एअर क्लच हवा, ब्रेक चांगला हवा. त्याला खर्च आहे, म्हणून तो विषय कुणी काढत नाही.

पिन क्लच झिजला की प्रेस ‘डबल’ मारते. बटण न दाबता दुसरा स्ट्रोक पडतो. हे बहुतेक वेळा अचानक होत नाही. आधी आवाज बदलतो, स्लाइड वर थांबायची तिथे थोडी पुढे सरकते. हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? ऑपरेटरलाच. पण सात महिन्यांच्या ठेक्यावर आलेला मुलगा डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना “मशिन बंद करा” कसं म्हणेल? 22 मे 2010 ला मंगळूरला विमान धावपट्टीवरून दरीत गेलं, 158 माणसं गेली. चौकशीत निघालं की सहवैमानिकाने 3 वेळा ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता परत वर चला, म्हटलं होतं. कॅप्टनने ऐकलं नाही. शिकलेला, परवानाधारक वैमानिक जिथे वरिष्ठाला अडवू शकला नाही, तिथे आपण या पोराकडून कसली अपेक्षा करतो?

विमानवाल्यांनी यावर मार्ग काढला. अमेरिकेत 1976 पासून नासा ही संस्था वैमानिकांकडून चुकांची, थोडक्यात टळलेल्या अपघातांची माहिती नाव गुप्त ठेवून घेते. सांगणाऱ्यावर कारवाईची टांगती तलवार राहू नये, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे उलटं आहे. गेटवर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक, आणि तो आकडा शून्यावर येऊ नये म्हणून सगळ्यांची धडपड. 1948 च्या कारखाने कायद्यात 48 तास कामावर येता आलं नाही तर अपघात कळवायचा नियम होता. म्हणून बँडेज बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी रिक्षाने आणून खुर्चीवर बसवलेला मी पाहिलाय. हजेरी लागली, काम काही नाही. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, दवाखान्यात न नेता खासगी डॉक्टरकडे नेतात, म्हणजे कागदच होत नाही. मग त्या बोटाच्या टक्क्यांचं काय? जन्मभर मिळणारी पेन्शन बुडते त्याची.

4 मार्चला सुरक्षा दिन असतो. शपथ, बिल्ले, घोषवाक्यांची स्पर्धा. माझा त्याला विरोध नाही, पण त्या आठवड्यात एक काम करा, आणि हे मी मोठ्या कंपन्यांतल्या परचेस आणि क्वालिटीच्या माझ्या मित्रांना सांगतोय. छोटे शॉप कायद्याच्या नजरेतून सहज सुटतात. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या 2020 च्या संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्याची मर्यादा 10 वरून 20 कामगारांवर गेली आहे. तिथे सरकारी निरीक्षक कदाचित येणार नाही, तुम्ही मात्र दर महिन्याला जाता. पुढच्या वेळी गेलात की सुतळी सोडायला लावा, दोन्ही बटणांवर, चिमटा वापरून, तासभर प्रेस चालवायला सांगा. शेजारी उभे राहा आणि पार्ट मोजा. आकडा कमी येईल. टार्गेट त्या आकड्यावर आणा, भाव त्या आकड्यावर काढा, आणि पुरवठादाराने पाच-दहा पैसे वाढवून मागितले तर ते द्या.