एला फिट्झजेराल्ड शब्द विसरली म्हणून स्कॅट जन्मला?

एक किस्सा सतत फिरत असतो: १९६० साली बर्लिनमध्ये अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड 'मॅक द नाइफ' या गाण्याचे शब्द विसरली, वेळ मारून न्यायला तोंडाला येतील ते निरर्थक बोल गायली, त्यातून स्कॅट (म्हणजे शब्दांऐवजी निरर्थक बोलांवर सुरावट गाण्याची जॅझची पद्धत) जन्मला आणि तिला पहिलं ग्रॅमी मिळालं. यातलं शब्द विसरणं तेवढं खरं.

'स्कॅट तिथे जन्मला.' ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगचं 'हीबी जीबीज' १९२६ चं आहे, आणि ध्वनिमुद्रित स्कॅट त्याच्याही आधी सापडतो. खुद्द एलाने ऑक्टोबर १९४५ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी 'फ्लाइंग होम' जवळजवळ संपूर्ण अशा निरर्थक बोलांवरच गायलं होतं.

'तोंडाला येतील ते बोल.' हा आरोप सर्वांत अन्यायाचा. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर १९४६ मध्ये फिरताना ती ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे वाक्यांश गळ्यात बसवत होती. १९४७ चं तिचं 'हाऊ हाय द मून' ऐका. आधी मूळ शब्द, मग लय दुप्पट, मग स्कॅट; आणि त्यात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या 'ऑर्निथॉलॉजी'ची सुरावट येते. ती मुळात याच गाण्याच्या कॉर्डवर बांधलेली, म्हणून चपखल बसते. ही निवड खाली काय वाजतंय ते पक्कं ठाऊक असल्याशिवाय होत नाही. गंमत म्हणजे 'या गाण्याचे शब्द चुकीचे असतील' अशा अर्थाची ओळही ती तिथे गाते, बर्लिनच्या सुमारे बारा वर्षं आधी!

'बर्लिनमध्ये ती निरर्थक बोल गायली.' १३ फेब्रुवारी १९६० च्या त्या मुद्रणात विसरल्यावर ती मुख्यतः शब्दच रचते. सुरुवातीलाच तिने सांगितलेलं असतं की शब्द आठवतील अशी आशा आहे. पुढचं कडवं काय, असं ती सुरातच विचारते, हे गाणं आधी गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि आर्मस्ट्राँग यांची नावं ओवते, 'एला'शी 'फेलाज'चं यमक जुळवून आपण गाण्याची पार वाट लावतोय असं गाऊन टाकते. बोल येतात ते आर्मस्ट्राँगची घोगरी नक्कल करताना. गाणं कोसळत नाही, कारण संगीतकार कुर्ट वाइलची चाल सोळा मात्राखंडांची (बारची), तीच ती परत येणारी. पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर जिम हॉल. साथ तेच आवर्तन फिरवत राहते, एलाला फक्त लयीत आणि यमकात राहायचं असतं. हे 'फक्त' फार अवघड आहे.

'पहिलं ग्रॅमी.' १९५९ च्या पहिल्याच सोहळ्यात तिला दोन मिळाली होती. बर्लिनची नंतरची.

खरा स्कॅट ऐकायचा तर त्याच तबकडीवर 'मॅक द नाइफ'च्या लगेच पुढे 'हाऊ हाय द मून' आहे, सुमारे सात मिनिटांचं. तिथे ती काहीही विसरलेली नाही.