खुलासा : कॉर्बेट उद्यानाला आधीपासून कॉर्बेट यांचेच नाव नव्हते

‘शिकारी जिम कॉर्बेट यांनी 1936 मध्ये स्वतःच्या नावाने भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान उभारले,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. यातले साल बरोबर आहे आणि ते देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान होते, हेही खरे. बाकी चूक.

1936 मध्ये हे जंगल संरक्षित झाले ते ‘हेली राष्ट्रीय उद्यान’ या नावाने. सर माल्कम हेली हे संयुक्त प्रांताचे (आजचे उत्तर प्रदेश व उत्तराखंड) गव्हर्नर होते. कॉर्बेट यांनी उद्यानासाठी पाठपुरावा केला, हद्द आखायला मदत केली. त्यांचे हे श्रेय मोठेच आहे, पण स्थापना सरकारची. स्वातंत्र्यानंतर तिथल्या नदीवरून नाव ‘रामगंगा’ झाले. कॉर्बेट 1947 मध्येच केनियाला गेले होते, 1955 मध्ये तिथेच वारले. त्यांचे नाव उद्यानाला मिळाले ते मृत्यूनंतर.

‘तेव्हापासून जंगल जसेच्या तसे सुरक्षित आहे’ हे संदेशातले वाक्य मला जास्त खटकते. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात इथूनच झाली. पण त्याच दशकात कालागढ धरणाच्या पाण्याखाली नदीकाठचा सुमारे 40 चौरस किलोमीटर सुपीक भाग गेला. हरणांची कुरणे, म्हणजे वाघाचे भक्ष्य जिथे चरते तीच जमीन! मार्च 2024 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाला इथल्या बेकायदा बांधकाम आणि वृक्षतोडीवरून कठोर शब्दांत ताशेरे ओढावे लागले. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी कृपया ते वाक्य तरी काढून टाकावे.