कुत्रीला एकदा तरी आई होऊ द्या

तुमच्या घरी दहा महिन्यांची लॅब्राडॉर आहे, नाव ब्राउनी, आणि आज सकाळी पोछा मारताना मावशींनी लादीवरचे लाल ठिपके दाखवले, म्हणजे ती माजावर (हीटवर) आलीय. अभिनंदन! या क्षणापासून तुम्ही ब्रीडर झालात. त्यासाठी शिक्षण लागत नाही की अनुभव. लागतो तो मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. आठ पिल्लं, नगाला पंधरा हजार, झाले एक लाख वीस हजार. गुणाकार झाला की आकडा पुसून टाका आणि घरच्यांसमोर हळवा चेहरा करून म्हणा, "बिचारीला एकदा तरी आई होण्याचं सुख मिळू दे." या वाक्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते.

जनावरांचे डॉक्टर तेवढी कटकट करतील. एकदा व्यायल्यानं कुत्रीच्या तब्येतीला कसलाही फायदा होत नाही, नसबंदी केली तर गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो, लवकर केली तर स्तनांच्या गाठींचीही शक्यता कमी होते, वगैरे वगैरे. हसून ऐकून घ्या. डॉक्टरांना आईपणातलं काय कळणार!

कायद्याचं दडपण घेऊ नका. २०१७ साली केंद्र सरकारनं श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम काढले. त्यात राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करा, मादी किमान १८ महिन्यांची हवी, मेटिंगच्या आधी डॉक्टरचा दाखला हवा, वर्षाला एकच बाळंतपण आणि जन्मात पाचाच्या वर नाही, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, अशी बरीच वाक्यं आहेत. ती मोठ्या केनेलवाल्यांसाठी. आपली तर एकच कुत्री, तीही सोफ्यावर झोपणारी. घरातल्या घरात केलं तर चालतं, अशी सवलत त्या नियमांत कुठे दिलेली नाही हे खरं. पण ते वाचायला बसलंय कोण?

आता नर. फार लांब जाऊ नका. शेजारच्या सोसायटीत एक ब्रुनो आहे, रंगाला सेम टू सेम, मालकही ओळखीचे. सौदा सोपा असतो: मेटिंगचे पैसे नाहीत, पिल्लांतलं एक त्यांना. गप्पांच्या ओघात कळेल की ब्रुनोही, ब्राउनी जिथून आणली त्याच हडपसरच्या माणसाकडून आणलेला, त्याच महिन्यात. म्हणजे ब्राउनीचा सख्खा भाऊच. सगोत्र निघालं म्हणून चांगलं चालून आलेलं स्थळ मोडणारी आपण माणसं, पण इथे लगेच म्हणायचं, "प्राण्यांमध्ये कुठं असतं तसलं काही!" असतं. कमरेच्या सांध्याचा दोष लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये रक्तातून उतरतो, आणि तो ओळखायला दोन वर्षांच्या वयाला, सांधे पक्के झाल्यावर, दोघांचे एक्स-रे काढतात. ब्रुसेलासाठी रक्त तपासतात, कारण तो जंतू मेटिंगमधून पसरतो आणि अख्खं गाभ पाडतो. दिवस नेमका पकडायला प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची चाचणी असते. तुम्ही ठिपके दिसल्यापासून अकरावा आणि तेरावा दिवस धरा. आणि दोघं पाठीला पाठ लावून अडकली की घाबरून पाणी मारा, ओढाताण करा. ती गाठ नैसर्गिक असते, अर्ध्या-पाऊण तासात आपोआप सुटते. पण इतका वेळ स्वस्थ बसायचं म्हणजे माणसाचा जीव राहतो होय?

पुढचा भाग मात्र आपण मराठी लोक झोकात करतो. डोहाळजेवण! पंचेचाळिसाव्या दिवशी ब्राउनीला हिरवी ओढणी, गळ्यात मोगऱ्याचा हार, कपाळाला टिकली, मागे फुग्यांची कमान. पाच सवाष्णी ओवाळतील, पेढा की बर्फी विचारतील, ती दोन्ही खाऊन रात्रभर जुलाब करेल. रील होईल, हजारभर लाइक येतील. हार, फुगे आणि केटररच्या पैशांत सोनोग्राफी आणि शेवटच्या आठवड्यातला एक एक्स-रे सहज बसला असता, आणि पोटात पिल्लं किती हे कळलं असतं. पण एक्स-रेला लाइक कोण देतं?

कुत्रीचे दिवस साधारण ६३. कळा सुरू व्हायच्या आधी चोवीस तासांत तिचं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरतं, म्हणून अनुभवी माणूस शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा थर्मामीटर लावतो. तुम्ही लावू नका. रात्री अडीच वाजता कळेलच. ब्राउनी जोरजोरानं कळा देतेय, अर्धा तास झाला, पिल्लू नाही, हिरवट काळं पाणी मात्र जातंय. ही थेट डॉक्टरकडे पळायची वेळ असते, तेव्हा तुम्ही शांतपणे यूट्यूब उघडा. नाहीतरी अडीच वाजता उघडा असलेला दवाखाना कुठे आहे, हे आधी कुठे शोधून ठेवलंय? सिझेरियन झालं तर एका पिल्लाची किंमत तिथेच गेली. कॅल्क्युलेटरमध्ये हा आकडा नव्हता, त्यामुळे घरात थोडी चिडचिड होईल. ती ब्राउनीवर निघेल.

पिल्लं जन्मतात तेव्हा आंधळी आणि बहिरी असतात, आणि पहिले दोन आठवडे त्यांना अंगातली ऊब धरता येत नाही. तरी त्यांना बाल्कनीत ठेवा; हॉलमध्ये वास येतो. रोज वजन करणारे लोक असतात, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, वहीत लिहून. कारण दूध पुरेनासं झालं की आधी वजन अडतं आणि मग पिल्लू जातं. तुम्ही पिल्लाला लाल रिबन बांधून फोटो काढा. तिसऱ्या आठवड्यात ब्राउनी अचानक थरथरायला लागली, पाय ताठ झाले, धापा टाकू लागली, तर "थंडी वाजतेय" म्हणून पांघरूण घाला. रक्तातलं कॅल्शियम दुधावाटे संपलं की असं होतं आणि तासाभरात जिवावर बेतू शकतं. पण कॅल्शियमचं इंजेक्शन घरात नसतं आणि पांघरूण असतं.

विक्रीचा मुहूर्त नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. चार आठवड्यांपर्यंत पिल्लांचं जेवण आईच्या अंगातून फुकट येतं. पाचव्या आठवड्यापासून आठ तोंडांना खाणं लागतं, सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिली लस लागते. म्हणजे खर्च सुरू होतो तोच दिवस विकायचा. अठ्ठावीस दिवसांच्या पिल्लाला "पंचेचाळीस दिवसांचं" म्हणा. बाजारात हाच आकडा चालतो, कायद्यातले आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस कुणी मोजत नाही. तोंड उघडून मागच्या दाढा आल्यात का बघणारं गिऱ्हाईक हजारात एक. भावंडांशी खेळताना किती जोरात चावलं तर समोरचा केकाटतो, हे पिल्लू याच पुढच्या चार आठवड्यांत शिकतं. ते आता नवीन मालकाच्या धाकट्या मुलीकडून शिकेल.

जाहिरातीत हे शब्द हवेतच: हेवी बोन, शो क्वालिटी, चॅम्पियन लाइन, घरगुती पिल्लं. जमल्यास इम्पोर्टेड लाइन, म्हणजे परदेशी वंश. विक्रीसाठी पैदास करायला परदेशातून कुत्री आणू नयेत, असं केंद्रानं २०१६ सालीच बजावलं होतं. तेव्हा आजोबा हंगेरीचे आहेत असं सांगा. आजोबांना भेटायला कुणी येत नाही.

आता थोडं घेणाऱ्यांसाठी, कारण तुमच्याशिवाय वरच्या मंडळींचं पान हलत नाही.

जात निवडताना जाहिरात बघा. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग एका पोराच्या मागे मागे चालला आणि अख्ख्या देशाला पग हवासा झाला. चपट्या नाकामुळे त्याला धड श्वास घेता येत नाही, तो घोरतो त्याला आपण गोड म्हणतो. नागपूरकर असाल तर हस्की घ्या. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हस्कीच्या अंगावर बर्फासाठी केलेली दुहेरी लोकर असते, पण विकणारा सांगेल, "सर, ही लाइन हवामानाला सेट झालीय." पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जे पांढरं कुत्रं पाळलं गेलं ते खरं तर इंडियन स्पिट्झ, त्यावर बाजाराचा तोडगा म्हणजे "कल्चर पॉम" मागा, पैसे जास्त द्या, तेच घरी न्या. मुधोळ वगैरे देशी कुत्रं नको. त्याला २००५ साली टपाल तिकिटावर जागा मिळाली आहे, तुमच्या हॉलमध्ये नको.

पिल्लू बघायला विकणाऱ्याच्या घरी जाऊ नका. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर भेटा. किंवा आधी यूपीआयनं पैसे पाठवा आणि पहाटे ट्रॅव्हल्सच्या डिकीतून खोकं उतरवून घ्या. वर भोकं पाडलेली असली म्हणजे झालं. चुकून घरी गेलातच तर आई दाखवा असं म्हणू नका. फार उद्धट प्रश्न आहे तो. "आई गावी गेलीय," असं उत्तर मी स्वतः ऐकलं आहे, आणि विचारणाऱ्या गृहस्थांनी "हो का, बरं" म्हणून पैसे मोजले. गावी गेलेली आई बाल्कनीच्या दाराआड असते. अंगावरचे केस झडलेले, सड लोंबकळलेले, माणूस दिसलं की मागे सरकणारी. तिला पाहिलं तर पिल्लाचा स्वभाव, हाडं, तब्येत सगळं पंधरा मिनिटांत कळेल आणि सौदा मोडेल.

लसीचं कार्ड मिळेल, ते जरूर घ्या. छान रंगीत असतं, वर हसऱ्या पिल्लाचं चित्र. आत तारीख निळ्या पेनानं, त्याच पेनानं पुढच्या महिन्याचीही तारीख, सही म्हणून एक वेलांटी. खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीवरून सोलून काढलेलं छोटं स्टिकर चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते, शेजारी डॉक्टरचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक. तुमच्या कार्डावर स्टिकरची चौकट कोरी असेल. तिथे नाव लिहायला जागा छान मिळते. सिंबा लिहा.

रविवारी पिल्लू आणलंत. गुरुवारी ते खाणार नाही, शुक्रवारी उलट्या, शनिवारी रक्ताचे जुलाब. याला पार्व्हो म्हणतात. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, त्यामुळे विकणारा छातीठोकपणे सांगतो, "माझ्याकडे ठणठणीत होतं, तुम्ही काय खायला घातलंत?" पिल्लू गेलं तर मुलं रडतात, म्हणून पुढच्या रविवारी दुसरं आणा. घर फिनाइलनं लख्ख पुसून घ्या. पार्व्हो महिनोन्महिने घरात टिकतो, तो ब्लीचनं मरतो, फिनाइलला दाद देत नाही. पण वास छान येतो.

कागदांचं म्हणाल तर एकाच पिल्लाचे दोन भाव असतात: विदाउट पेपर पंधरा, विथ पेपर अठ्ठावीस. पेपर म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला. त्यात आजा-पणजांची वंशावळ असते, सांध्यांबद्दल अक्षर नसतं. शिवाय दाखल्यावरचा मायक्रोचिप नंबर आणि पिल्लाच्या मानेजवळ स्कॅनर फिरवल्यावर दिसणारा नंबर एकच हवा. स्कॅनर मागू नका. माणसांवर विश्वास ठेवायला शिका.

काही ठिकाणी मात्र जपून. एक विचित्र जमात अजून शिल्लक आहे. फोन केलात तर म्हणतात, सध्या पिल्लं नाहीत, पुढच्या वर्षी बघू. घरी बोलावतात आणि पिल्लाच्या आधी आईला तुमच्या अंगावर सोडतात. आई-वडील दोघांचे एक्स-रे टेबलावर मांडतात. उलट तुमचीच उलटतपासणी घेतात: घर भाड्याचं का, दिवसभर घरी कोण, गणपतीत गावी जाता तेव्हा कुत्रं कुठे ठेवणार? नऊ आठवड्यांशिवाय पिल्लू देत नाहीत, रंग निवडू देत नाहीत, आणि लिहून घेतात की कधीही, कुठल्याही वयात सांभाळणं झालं नाही तर कुत्रं आमच्याकडेच परत आणायचं. आपण पैसे देणार आणि वर मुलाखतही आपलीच! अशा माणसाच्या दारात पाऊल ठेवू नका. हडपसरवाला फोटो पाठवून दोन तासांत होम डिलिव्हरी देतो.

आठ महिन्यांनी सिंबा तीस किलोचा झाला, त्यानं रिमोट आणि सोफ्याचा हात खाल्ला, की ग्रुपवर मेसेज टाका: "बदली झाल्यामुळे प्रेमळ घराच्या शोधात." विकणाऱ्याला फोन लावलात तर तो लागणार नाही. तो कामात आहे.

कारण तिकडे ब्राउनीचे सहा महिने भरलेत आणि लादीवर पुन्हा ठिपके दिसताहेत. नियमाप्रमाणे लागोपाठच्या दोन हीटला मेटिंग करता येत नाही, पण मागच्या वेळी आठांतली पाचच वाचली, नवा सोफा घ्यायचा राहिलाच. अशा चार-पाच बाळंतपणांनंतर पिल्लं कमी होऊ लागली की तिलाही विकून टाका. सहा महिन्यांवरचं कुत्रं नसबंदीशिवाय विकायला नियमानं बंदी आहे, दुसरा परवानाधारक ब्रीडर घेत असेल तरच सूट. पण नसबंदी केलीत तर जाहिरातीत "प्रूव्हन फीमेल", म्हणजे पिल्लं होतात हे सिद्ध झालेली मादी, कशी म्हणणार? तेवढ्या दोन शब्दांवर पाच-सात हजार सहज वाढवून मिळतात. फोटो मात्र डोहाळजेवणातला टाका.