पुन्हा हिरवाच?

जुना चित्रपट साफसूफ करून काढलेल्या दर नव्या ‘रिस्टोअर्ड’ आवृत्तीत चित्रपट हिरवा-निळा का होतो हो? चेहरे नारिंगी, आभाळ मोरपंखी, बर्फसुद्धा शेवाळलेला! ‘द मॅट्रिक्स’ १९९९ साली थिएटरात लागला तेव्हा इतका हिरवा नव्हता. पुढच्या भागांशी जुळावा म्हणून नंतरच्या डिस्कवर हिरवा रंग ओतला. ‘द फ्रेंच कनेक्शन’ची २००९ची ब्लू-रे डिस्क तर अशी, की खुद्द छायालेखक ओवेन रॉयझमन भडकले. ज्यानं चित्रपट टिपला त्यालाच विचारायचं नाही? वा!

मग निस्तरायचं कोणी? चाहत्यांनी. थिएटरात चालवायची ३५ मिमी फिल्मची जुनी प्रिंट हुडका, स्कॅन करा, एकेका शॉटचे रंग जुळवत रात्र रात्र जागा. तेही फुकट! त्यात ईस्टमनकलर या रंगीत फिल्मवरच्या जुन्या प्रिंट विटून गुलाबी पडलेल्या, म्हणजे ताडून बघायचं तरी कशाशी? एवढं करून वर शहाणे हजरच: “मला पक्कं आठवतंय, हा शर्ट एवढा निळा नव्हता.” पंचवीस वर्षांपूर्वी अंधारात पाहिलेला शर्ट आठवतोय म्हणे! आणि साहेबांचा स्वतःचा टीव्ही? रंग भडक करणाऱ्या ‘व्हिविड’ मोडवर. खोक्यातून काढला तसाच!