‘साहेबाची हिरवळ’ पाण्यावाचून उगवत नव्हती

मुंबईच्या जुन्या छायाचित्रांसोबत एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘इंग्रजांनी विलायती गवत आणि विलायती झाडं लावली, शिस्त ठेवली, आणि कमी खर्चात शहरातल्या बागा-मैदानं बारमाही हिरवी राखली. ती सगळ्यांना सारखी खुली होती. वादळात त्यांची झाडं पडत नव्हती. पालिकेच्या हाती गेल्यावर सगळं वाळलं.’ मजकूर आवडावा असाच आहे, म्हणून तो पुढे जातो. पण यातला प्रत्येक दावा तपासला की ढासळतो, आणि त्याच्या भरवशावर आज बागांकडून भलत्याच मागण्या होतात.

‘पालिकेच्या हाती गेल्यावर वाळलं’

भायखळ्याची राणीची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. ती उभारली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने. बाग आणि शेजारचं संग्रहालय उभं राहिलं त्यात डॉ. जॉर्ज बर्डवुड होते, तसेच डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेटही होते. पुढे संस्था मोडली आणि १८७३ मध्ये बाग पालिकेकडे आली. म्हणजे ज्या छायाचित्रांवर ‘साहेबाची बाग’ लिहून येतं, त्यांतली बहुतेक पालिकेच्याच माळ्यांनी राखलेल्या बागेची आहेत.

‘विलायती गवत’

ओव्हल किंवा क्रॉस मैदानावर जिथे गवत अजून टिकून आहे, तिथे खाली बसून एक धागा उपटून पाहा. जमिनीलगत सरपटणारी बारीक कांडी, प्रत्येक पेराला खाली मुळं आणि वर पाती. ही हरळी. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, त्या हिच्याच. इंग्लंडच्या हिरवळीतलं राय आणि फेस्क्यू हे थंड हवेचं गवत. ते वीस अंशांच्या आसपास खुशीत वाढतं आणि कोकणच्या मे महिन्यात जळून जातं. इथे हिरवळ करायची तर हरळीसारखं उष्ण हवेचं गवतच हवं.

ती लावायची रीतही इथलीच आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन ३० सेंटिमीटर खोल खणून ढेकळं उन्हात तापू द्यायची, ती मुख्यतः लव्हाळा हे तण मारण्यासाठी. लव्हाळा हाताने उपटला की वरची काडी हातात येते, खालच्या गाठी तशाच राहतात, आणि प्रत्येक गाठ नवा कोंब काढते. म्हणून गाठी वेचायच्या, एकदा पाणी देऊन उरलेल्यांना उगवू द्यायचं आणि पुन्हा खणायचं. ही दुसरी खणणी वाचवली की वर्षभर खुरपणी करावी लागते. मग शेणखत मिसळून, सपाट करून, पहिल्या पावसात दोन-तीन पेरांचे तुकडे १० सेंटिमीटरवर टोचायचे. दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकते. पावसाळ्यात दर आठवड्याला कापणी, तीन-चार सेंटिमीटर उंची ठेवून. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. फार वाढू देऊन एकदम तासलं की पिवळे काडके उघडे पडतात आणि लव्हाळ्याला ऊन मिळतं.

‘बारमाही हिरवी, तीही कमी खर्चात’

इथे सरळ हिशेब करू. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने गवताला हाताने पाणी द्यावं लागतं. कडक उन्हात हिरवळ रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी उडवते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तेव्हा एका एकराला रोज साधारण २०,००० लिटर. खांद्यावरची मशक, म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, ३० लिटरची धरली, तर साडेसहाशेच्या वर खेपा, एका एकरासाठी, एका दिवसात. ओव्हल मैदान सुमारे २२ एकरांचं आहे. ते उन्हाळाभर हिरवं ठेवायचं तर रोज साडेचार लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर चव्वेचाळीस!

म्हणून हिरवं राखलं जायचं ते बंगल्यापुढचं आवार, बँडस्टँडभोवतालची हिरवळ, ताटवे. मोकळी मैदानं हिवाळा सरता सरता पिवळी पडायची, जशी आजही पडतात. कृष्णधवल छायाचित्रात वाळलेलं आणि हिरवं गवत सारखंच करडं दिसतं, एवढंच. जिथे हिरवळ होती तिथे ती पखाली, मोटकरी आणि बिगाऱ्यांच्या पाठीवर उभी होती. खर्च कमी दिसतो, कारण त्या कष्टाला मोल कमी दिलं जात होतं.

त्या पाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शहरातल्या विहिरी आणि उघड्या टाक्यांत हिवतापाचे डास वाढतात, हे हिवतापाचा शोध घेणाऱ्या डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने दाखवलं, आणि त्यानंतर विहिरी बुजवण्या-झाकण्याची मोहीम निघाली. बागेतल्या टाकीला आज घट्ट झाकण लागतं ते याच कारणाने. पाणी कमी असेल तर रोजचा शिडकावा थांबवून आठवड्यातून दोनदा, पहाटे, जमीन १५ सेंटिमीटर भिजेल असं द्यावं. रोजच्या शिडकाव्याने मुळं वरच राहतात आणि दोन दिवस पाणी चुकलं की गवत करपतं.

‘सगळ्यांना सारखी खुली’

१८८१ मध्ये मुंबईच्या देशी क्रिकेटपटूंना सरकारकडे अर्ज करावा लागला, कारण एस्प्लनेड या किल्ल्यालगतच्या मोकळ्या मैदानाच्या त्यांच्या वाट्याच्या भागात गोरे लोक पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी जमीन उखणून ठेवत. गोऱ्यांच्या जिमखान्याची खेळपट्टी मात्र शाबूत. हा फक्त मानापमानाचा प्रश्न नव्हता. टापेने पडलेला खळगा रूळ फिरवून मिटत नाही. रुळाने कडा दबतात, खाली माती घट्ट होते आणि पाणी साचतं. खळगा बागकामाच्या दातेरी काट्याने उकरून, माती भरून, तिथे हरळी पुन्हा टोचावी लागते. आज मांडव आणि गाड्यांनी दबलेल्या मैदानांवरही हाच उपाय आहे: हंगाम संपला की काट्याने १० सेंटिमीटर खोल भोकं पाडायची आणि पहिल्या पावसाआधी वाळू व चाळलेलं शेणखत यांचा सेंटिमीटरभर थर पसरायचा.

‘त्यांची झाडं पडत नव्हती’

तेव्हा ती झाडं तरुण होती. आज पडणाऱ्यांत गुलमोहर आणि रेन ट्री म्हणजे पर्जन्यवृक्ष बरेच असतात. पहिलं मूळचं मादागास्करचं, दुसरं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. मजकूर ज्या विलायती झाडांचं कौतुक करतो, ती हीच. गुलमोहराची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकूण या किडीने वाळले. याउलट ताम्हण, बकुळ, उंडी, करंज किनाऱ्याच्या वाऱ्याला चांगली टिकतात आणि बागांमध्ये अजूनही पुरेशी लावली जात नाहीत.

पण झाड पडण्याचं मोठं कारण जातीपेक्षा जमिनीखाली असतं. केबल-पाइपसाठी खोडालगत चर खणला की एका बाजूची आधाराची मुळं तुटतात. पानं हिरवीच राहतात, त्यामुळे कोणाला कळत नाही, आणि पुढच्या पावसात माती भिजली की झाड दुसऱ्या बाजूला कलंडतं. बुंध्यापर्यंत काँक्रीट असेल तर मुळांना हवा-पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी बुंध्याभोवती एक मीटर जमीन मोकळी ठेवायला सांगितलं. मोठ्या झाडाला तेवढी तरी हवीच.

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये ‘साहेबासारखे वटवृक्ष लावा’ अशीही मागणी दिसते. ती बाग जलाशयाच्या छतावर आहे. तिथे मातीचा थर जेमतेम, म्हणून झुडपं आणि कातरलेली कुंपणंच योग्य.

मे महिन्यातली छाटणीही नीट व्हायला हवी. जड फांदी एका घावात कापली की ती पडताना बुंध्याची साल सोलून खाली आणते. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप देऊन वजन उतरवायचं, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. ते कडं राखलं तर झाड जखम स्वतः भरतं. तिथे डांबर फासू नये, त्याखाली ओल अडकून लाकूड कुजतं. आणि शेंडा उडवून झाडाचं मुंडण करू नये. त्यानंतर फुटणारे धुमारे सालीलगत चिकटलेले असतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी जड झाले की तेच आधी मोडून खाली येतात.