थर्मासमधल्या दुधाबद्दल खुलासा

सांगलीत बाळंतिणींच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'रात्री दहालाच पावडरचं दूध कालवून थर्मासात भरा, पहाटेपर्यंत चालतं.' नाही चालत. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते आणि कोमट दुधात जंतू भराभर वाढतात. थर्मासात ठेवायचं ते नुसतं उकळलेलं पाणी, तेही काठोकाठ. कारण कालवताना ते किमान ७० अंश गरम हवं. पावडर मोजून कोरड्या, स्वच्छ डबीत वेगळी. बाळ उठलं की कालवा, झाकण लावून बाटली नळाखाली धरा, मनगटावर थेंब टाकून बघा. बाळ रडत असताना ती पाच मिनिटं संपत नाहीत, कबूल. बाटलीत उरलेलं ओतून द्या. सासूबाई 'एवढं महागाचं!' म्हणाल्या तरी.