व्हील बेअरिंगच्या बिलाबद्दल तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण तुम्ही लिहिलंय की आधी बॅलन्सिंगचे (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्याचे) पैसे घेतले, आवाज गेला नाही म्हणून मग बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं तो भाग) गळ्यात मारलं, आणि बाहेर 1,800 मध्ये होणाऱ्या कामाचे 5,357 लावले. असं झालेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय, उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीला असाच आवाज आला तर त्यालाही उपयोग होईल.

तुमच्या गाडीत दोन वेगळे फॉल्ट होते आणि गाडी घेतली तेव्हाच जॉब कार्डवर दोन्ही लिहिले होते. एक म्हणजे 60 च्या पुढे येणारा घुंऽऽ असा आवाज, दुसरं म्हणजे 90 ला स्टिअरिंग थरथरणं. बॅलन्सिंग थरथरण्यासाठी होतं, आवाजासाठी नव्हतंच. स्टिअरिंग ठराविक स्पीडला हलतं आणि स्पीड बदलला की कमी होतं, तेव्हा आधी बॅलन्सिंग आणि रिम बघतात. फक्त ब्रेक मारल्यावर हललं असतं तर आम्ही ब्रेकची डिस्क बघितली असती. तुमच्या पुढच्या डाव्या रिमची आतली कड खड्ड्यात आपटून वाकली होती, मशीनवर चाक फिरताना ती वरखाली होताना तुम्ही स्वतः पाहिलीत, आणि आधी कुणीतरी ती सरळ न करता आतून नुसती वजनं चिकटवून भागवलं होतं.

आता आवाज. हायवेला तुम्हाला शेजारी बसवूनच ट्रायल घेतली. गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिन आयडलला आलं तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिनचा विषय संपला. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर आलो तरी आवाज बदलला नाही, टायरचा असता तर सहसा बदलतो. मग उजवीकडे वळताना आवाज वाढला आणि डावीकडे वळताना जवळजवळ गेला. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं, म्हणून संशय डाव्या बेअरिंगवर. तेवढ्यावर आम्ही पार्ट मागवत नाही, गाडी लिफ्टवर घेऊन हाताने चाक फिरवलं आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवला, डावीकडे स्प्रिंगमध्ये खरखर हाताला लागत होती, उजवीकडे काहीच नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये तुम्हाला दोन्ही बाजूंचे बेअरिंग बदला असं सांगितलं होतं, तुम्हीच म्हणालात. आम्ही उजव्याला हात लावला नाही कारण ते चांगलं आहे.

बिल असं आहे: बेअरिंग 1,850, सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी रिंग) आणि नवीन हब नट 210, प्रेसवर (दाब देणाऱ्या मशीनवर) काढण्या-बसवण्याचं लेबर 1,200, रिमचा बेंड काढणं 350, चारी चाकांचं बॅलन्सिंग 480, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) 450. झाले 4,540, त्यावर 18 टक्के जीएसटी 817. अलाइनमेंट उगाच लावलेलं नाही, नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) काढताना स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जोडीचे) बोल्ट सोडावे लागतात, त्याने कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) हलतो, तसंच सोडलं तर टायर एका बाजूने खातो.

1,800 मध्ये करणाऱ्यांबद्दल मला वाईट बोलायचं नाही, पण त्यात काय-काय धरलंय ते विचारा. बेअरिंग कुठल्या मेकचं, पक्कं बिल मिळणार का, आणि मुख्य म्हणजे प्रेस आहे का हातोड्याने ठोकणार. नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रेसवरच (बॉल ज्यावर फिरतात त्या कड्यावर) यायला हवा, आतल्या रेसवरून ठोकलं की बॉलचे ठसे रेसवर उमटतात आणि नवीन बेअरिंग थोड्याच दिवसांत परत घुमायला लागतं. तुमच्यासारख्या एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) गाडीत बेअरिंगच्या एका बाजूला मॅग्नेटिक सील असतं, त्यावरून सेन्सर चाकाचा स्पीड वाचतो, ती बाजू चुकून उलटी बसली तर एबीएसची लाईट लागते आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. अडीच तास बसवून ठेवलं असं लिहिलंत, तर त्यातला बराच वेळ हबवर (चाक ज्याला बोल्टने लागतं त्या भागावर) अडकून राहिलेली जुनी आतली रेस पुलरने काढण्यात गेला, ती गरम करून किंवा छिन्नी मारून पटकन निघते पण हबला ओरखडे पडतात, म्हणून आम्ही ते करत नाही.

जुनं बेअरिंग टाकलेलं नाही. सील फाटून आत पाणी गेलंय, ग्रीसचा काळा चिखल झालाय, आणि रेस पुसून बोट फिरवलं की खड्डे लागतात. अजून काही महिने तसंच चालवलं असतं तर प्ले (चाकाचा ढिलेपणा) वाढत गेला असता आणि घाटात चाकच डगमगायला लागलं असतं, आणि तुम्ही घरच्यांना घेऊन दर आठवड्याला पुण्याला जाता, म्हणून त्या दिवशी मी एवढा आग्रह धरला.

बुधवार सोडून कधीही या, येताना 1,800 वालं कोटेशन लेखी घेऊन या, आपण दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक ओळ बघू. त्यांनी त्याच मेकचं बेअरिंग, प्रेस, रिम, बॅलन्सिंग, अलाइनमेंट हे सगळं त्या रकमेत पक्क्या बिलावर लिहून दिलेलं असेल तर फरकाचे पैसे मी परत देतो. आणि गाडी आणालच तर चाकाचे नट पान्ह्याने चेक करून देतो, रिम काढून लावल्यावर 100 किलोमीटरनंतर एकदा बघायलाच लागतात, त्याचे पैसे नाहीत.